टेललाइटमध्ये पाणी: वाफ कोणती, गळती कोणती?

पहिला दमदार पाऊस पडून गेला की गॅरेजवाल्यांकडे हमखास येणारा प्रश्न: मागच्या दिव्यात पाणी दिसतंय, काय करायचं? कोणी म्हणतं सिलिकॉन मारून टाका, सर्व्हिस सेंटरमध्ये सांगतात की पावसाळ्यात असं होतंच, आणि स्पेअरपार्टच्या दुकानात नवा दिवा काउंटरवर येतो. तिघांचंही म्हणणं कधी ना कधी बरोबर असतं. आपल्या गाडीला कोणतं लागू पडतं हे ठरवायला आधी एवढंच बघायचं की आत पाणी किती आहे.

## दिवा पूर्ण बंद नसतो

टेललाइटचे मुख्य भाग दोन. बाहेरून दिसणारी लाल-पिवळी काच, म्हणजे लेन्स, ही खरं तर ॲक्रिलिक नावाच्या प्लास्टिकची असते. तिच्यामागे काळं किंवा करडं हाउसिंग, म्हणजे दिव्याचा मागचा डबा. बहुतेक टेललाइटमध्ये या दोघांच्या कडा कारखान्यात वितळवून, दाबून एकजीव केलेल्या असतात. हाउसिंगच्या पाठीवर बल्बचे होल्डर पाव फेऱ्यात बसतात आणि प्रत्येक होल्डरला पातळ रबरी रिंग असते. दिवा गाडीच्या पत्र्याला जिथे टेकतो तिथे फोमची किंवा रबराची पट्टी असते, तिला गॅस्केट म्हणतात. गॅरेजमध्ये तिचंच नाव पॅकिंग.

याशिवाय पाठीमागे एखादी वाकडी रबरी नळी, छोटी टोपी किंवा नाण्याहून लहान गोल चकती चिकटवलेली दिसते. तो व्हेंट. ‘पाणी इथूनच शिरत असणार’ म्हणून हौशी मंडळी सगळ्यात आधी तोच बुजवतात. चकतीचा पडदा हवा आणि वाफ जाऊ देतो, पाण्याचा थेंब अडवतो. नळीचं तोंड खाली वळवलेलं असतं, म्हणजे वरून पडणारं पाणी आत जात नाही.

व्हेंट ठेवायचं कारण तापमान. दोन घोट पिऊन झाकण घट्ट लावलेली प्लास्टिकची बाटली उन्हात तापली की फुगते आणि गार झाली की आत चिमटते. दिव्याचं तेच होतं, फक्त दिव्याचं प्लास्टिक कडक असल्याने ते चिमटत नाही. हवा कुठून तरी ओढूनच घेतं. हिशेब करून पाहू. दिव्यातली हवा २७ अंशांवरून ५७ अंशांवर गेली तर ती सुमारे १० टक्के फुगते. दिव्यात २ लिटर हवा मावत असेल तर जवळपास २०० मिलिलिटर हवा बाहेर जाते आणि गार होताना तेवढीच परत यावी लागते. व्हेंट मोकळा असेल तर ती सुखाने येते. व्हेंट बंद असेल आणि सांध्याला केसाएवढी भेग असेल, तर सगळी ओढ त्या भेगेवर पडते. त्या क्षणी भेगेवर पाणी असेल तर हवेऐवजी पाणी आत जातं. भर उन्हात तापलेली गाडी थंड पाण्याने धुतली की दिव्यात पाणी दिसायला लागतं, त्याचं कारण हे.

## एक थेंब की एक चमचा?

आता मूळ प्रश्न. ३० अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. म्हणजे २ लिटर हवेत ०.०६ ग्रॅम, जेमतेम एक थेंब. हाच थेंब बारीक तुषार होऊन लेन्सभर पसरला की दिवा धुकट दिसतो आणि मालक घाबरतो. पण ते पाणी हवेतलंच आहे. डिसेंबरच्या पहाटे, पावसाचा मागमूस नसताना, नाशिकला किंवा नागपूरला उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीतही हे दिसतं, कारण रात्री लेन्स आतल्या हवेपेक्षा आधी गार होते.

या उलट दिव्याच्या तळाशी चमचाभर पाणी साचलं असेल तर ते ५ मिलिलिटर झालं. त्या दिव्यातली हवा पूर्ण दमट असली तरी तिच्यात मावेल त्याच्या ऐंशी पट. ‘वाफ धरली असेल’ हे उत्तर इथे चालत नाही. बाहेरचं पाणी वाट काढून आत आलेलं आहे.

मधल्या अवस्थेत थोडं निरीक्षण लागतं. बारीक, एकसारखं धुकं, बहुधा एका कोपऱ्यात, आणि दिवे लावून अर्धा-पाऊण तास गाडी चालवल्यावर किंवा एखादी कोरडी दुपार गेल्यावर नाहीसं होणारं, असं असेल तर सोडून द्या. मोठे थेंब, ओघळ, गाडी हलवल्यावर डुचमळणारं पाणी, तळाशी मातीची रेघ, आत हिरवट शेवाळ, यापैकी काहीही म्हणजे गळती. एकाच बाजूचा दिवा कायम धुकट आणि दुसरा कायम स्वच्छ, हेही गळतीकडे किंवा बुजलेल्या व्हेंटकडे बोट दाखवतं.

एलईडी दिव्यांचं थोडं वेगळं आहे. जुना ब्रेकचा बल्ब २१ वॅटचा, टेलची तार ५ वॅटची. ही उष्णता दिव्याला आतून सुकवत असे. एलईडी त्या मानाने थंड असतात, म्हणून त्यांच्यातली वाफ जायला जास्त वेळ लागतो. नव्या एसयूव्हींना मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब पट्टी असते, तिच्यात तर धुकं उठून दिसतं. सर्व्हिस सेंटरचं ‘नॉर्मल आहे’ हे उत्तर अशा गाड्यांच्या बाबतीत बऱ्याचदा खरं असतं. तळाशी पाणी साचलेलं असताना मात्र तेच उत्तर मिळालं तर ते मान्य करू नका.

## ‘दिवा लागतोय ना, मग राहू दे की’

काही आठवडे लागेलही. मग होल्डरमधल्या पितळी पट्ट्यांवर हिरवा थर चढतो, बल्बच्या बुडाला पांढरी पूड धरते आणि विचित्र लक्षणं सुरू होतात. ब्रेक दाबला की टेललाइट मंद होते, इंडिकेटर दिला की शेजारचा दिवाही मिचमिचतो. हे अर्थिंग, म्हणजे विजेच्या परतीची जोडणी, खराब झाल्याचं लक्षण. विजेला परतीचा सरळ रस्ता मिळत नाही, म्हणून ती शेजारच्या बल्बच्या तारेतून वाट काढते. इंडिकेटर नेहमीपेक्षा भरभर टिकटिकायला लागला तर बहुतेक वेळा एक बल्ब गेलेला असतो. तापलेल्या बल्बवर थेंब पडला तर त्याची काच तडकते. पाणी दोन पट्ट्यांच्या मध्ये राहिलं तर फ्यूज उडतो, आणि त्याच फ्यूजवर दुसरा टेललाइट असेल तर तोही बंद. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज टाकणं हा उपाय नव्हे; मग फ्यूजऐवजी वायर तापते.

अलिबाग, रत्नागिरी, मालवण, पणजी अशा किनारपट्टीच्या भागात हवेतल्या मिठामुळे हे सगळं लवकर होतं. आणि एक बाजू कायद्याची. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मागचा लाल दिवा स्वच्छ हवेत १५५ मीटरवरून दिसायला हवा. घाटात, धुक्यात, पावसात आपल्या मागचा ट्रक आपल्याला बघतो तो याच दिव्यांवरून.

## वाट शोधायची कशी

सिलिकॉनची नळी हातात घेण्याआधी हे काम. पाण्याची वाट न शोधता केलेली दुरुस्ती दहातली आठ वेळा फुकट जाते, असं कोणताही जुना मेकॅनिक सांगेल. आकडा अंदाजाचा असला तरी रोख बरोबर आहे.

अलीकडे बल्ब बदलला होता का, हा पहिला प्रश्न. होल्डर पूर्ण पाव फेरा न फिरता अर्धवट बसलेला असणं, किंवा त्याची रबरी रिंग खाली पडून हरवलेली असणं, हे गळतीचं सगळ्यात साधं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे. दुसरा प्रश्न: मागे कुठे ठोकर लागली होती का? लेन्सचा तडा दिवसा दिसत नाही. रात्री दिवा लावून तिरक्या कोनातून पाहिलं की लाल लेन्समध्ये चमकती रेघ दिसते, किंवा लाल प्रकाशात एक पांढरी तिरीप दिसते.

यातून उत्तर मिळालं नाही तर दिवा काढावा लागतो. बहुतेक गाड्यांत डिकीतून आतलं आवरण बाजूला केलं की दोन-तीन नट किंवा स्क्रू दिसतात, अनेकदा १० नंबरच्या पान्ह्याचे. काही दिवे बाहेरच्या बाजूला फक्त खुंट्यांवर अडकवलेले असतात. ते सरळ मागे ओढायचे, तिरके नाहीत, नाहीतर खुंटी मोडते. आधी सॉकेट सोडवा. सॉकेटची कडी दाबून निघते, वायर ओढून नाही.

दिवा हातात आला की आतलं पाणी ओता, बल्ब काढा आणि एक सोडून सगळी भोकं टेपने बंद करा. चाचणीपुरता व्हेंटही. उरलेल्या भोकात रबरी नळी धरून सांध्यावर साबणाचं पाणी लावा आणि तोंडाने हळू फुंका. जिथे बुडबुडे येतील तिथे भेग. कॉम्प्रेसर वापरू नका, टायरची हवा भरायच्या दाबाने चांगला सांधाही फाटतो. नळी नसेल तर उलटी पद्धत: दिव्यात ग्लासभर पाणी घालून भोकं बंद करा, दिवा कोरड्या वर्तमानपत्रावर फिरवत राहा आणि कुठे ओल उठते ते बघा. जागा सापडली की मार्करने खूण करा. सुकल्यावर ती अजिबात दिसत नाही.

व्हेंट याच वेळी तपासा. नळीत चिखल, बॉडी पेंट करताना उडालेला रंग, नाहीतर कुंभारमाशीचं मातीचं घर सापडतं. मऊ ब्रशने साफ करा. चकतीच्या पडद्याला पिन लावू नका, भोक पडलं की तो निकामी.

## सुकवणं

आत माती गेली असेल तर पातळ साबणाच्या पाण्याने विसळा आणि शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या, बॅटरीत घालायला मिळतं तेच. बोअरच्या पाण्याने विसळलं तर सुकल्यावर आत पांढरे डाग राहतात आणि तिथे हात पोचत नाही. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन, स्पिरिट यांपैकी काहीही ॲक्रिलिकला लावू नका. लगेच काही दिसत नाही, पण पुढे त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उठतात.

मग सगळी भोकं उघडी ठेवून दिवा पंख्याखाली किंवा उन्हात ठेवा, सगळ्यात मोठं भोक खाली करून. घाई असेल तर हेअर ड्रायर सर्वांत कमी उष्णतेवर, एक वीत अंतरावरून. व्हॅक्यूम क्लीनरची नळी एका भोकाला लावून दुसऱ्या भोकातून कोरडी हवा ओढून घेणं त्याहून चांगलं, उष्णतेचा प्रश्नच येत नाही. पावसाळ्यात यात एक अख्खा दिवस जातो. ओलसर दिवा बंद केला तर वर केलेली सगळी मेहनत पाण्यात.

## जिथे गळती, तिथलाच उपाय

होल्डरची रिंग चपटी किंवा चिरलेली असेल तर रिंग बदला. सुटी मिळत नसेल तर होल्डर बदला. नव्या रिंगला किंचित सिलिकॉन ग्रीस लावलं की ती पिळत नाही.

लेन्स आणि हाउसिंगचा सांधा सुटला असेल तर खूण केलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना एकेक इंच जास्त भाग बारीक पॉलिश पेपरने खरवडा, साबणाच्या पाण्याने पुसा, पूर्ण सुकवा आणि न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन किंवा पुढची काच बसवणारे वापरतात ते काळं पॉलियुरेथेन सीलंट बोटाने दाबून भरा. दाबून, कारण वरवर ओढलेली रेघ सालीसारखी निघते. ही दोन्ही सीलंट हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतात, साधारण २४ तासांत २-३ मिलिमीटर खोलीपर्यंत. वरची साल अर्ध्या तासात कोरडी लागली म्हणून गाडी पावसात काढू नका.

स्वस्तातलं सिलिकॉन घेताना नळीला विनेगरसारखा आंबूस वास आला तर ते परत ठेवा. ते घट्ट होताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि बंद दिव्यात ते ॲसिड पितळेच्या पट्ट्या आणि तांब्याच्या तारा खातं. खिडक्यांना लावायला ते ठीक आहे.

लेन्सला तडा असेल तर छोटा तडा पारदर्शक इपॉक्सीने भरता येतो. आधी तड्याच्या टोकाला दीड मिलिमीटरचं भोक पाडून घेतलं तर तो पुढे सरकत नाही. ड्रिल हळू फिरवा, दाब देऊ नका. फेविक्विकने तडा चिकटतो, पण आजूबाजूला पांढरट धूसर थर बसतो आणि तो निघत नाही. लेन्सचा तुकडाच गेला असेल तर दिवा बदला. त्यावर लाल टेप चिकटवून महिनोन्‌महिने फिरणं हा आपल्याकडचा आवडता तात्पुरता इलाज आहे, आणि तो तात्पुरता कधीच राहत नाही.

बल्बच्या पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासा, काँटॅक्ट क्लीनर फवारा (लेन्सपासून दूर धरून) आणि वर डायइलेक्ट्रिक (वीज वाहू न देणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात द्या. हिरवी पडलेली सॉकेटची पिन साफ करून भागत नाही, ती बदलून घ्या.

## पाणी दिव्यात नाही, डिकीत आहे

ही वेगळी तक्रार आहे आणि दोन्हींची गल्लत फार होते. दिव्याच्या आत पाणी असेल तर दोष सांध्याचा, होल्डरचा किंवा लेन्सचा. दिवा आतून कोरडा आणि डिकीचा गालिचा ओला असेल तर दोष गॅस्केटचा: पाणी दिवा आणि पत्रा यांच्या मधून आत येतं आणि पत्र्यावरून ओघळत स्टेपनीच्या खळग्यात साचतं. सीएनजी गाड्यांमध्ये वर टाकी असल्याने तो खळगा महिनोन्‌महिने कोणी बघत नाही आणि गंजाचा वास आल्यावरच कळतं.

खात्री करायला डिकीचं आवरण काढा, पत्र्यावर टिश्यू पेपर चिकटवा आणि बाहेरून साध्या बागेच्या नळीने, कमी धारेने पाणी सोडा. सुरुवात दिव्याच्या खालच्या कडेपासून करा आणि पाच-पाच मिनिटांनी वर सरका. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे पसरतं आणि काहीच कळत नाही. दिव्याशी टिश्यू कोरडा राहिला तर संशयित आणखी आहेत: डिकीच्या काचेजवळचा तिसरा ब्रेक लाइट, डिकीच्या दाराचं रबर, छपराच्या पट्ट्या, आणि बंपरमागे लपलेल्या, केबिनमधली हवा बाहेर सोडणाऱ्या प्लास्टिकच्या झडपा.

चपटं झालेलं गॅस्केट परत फुगत नाही. नवं मिळालं तर उत्तम. नाही तर जुनं पूर्ण खरवडून ब्यूटाइल टेपचा (मऊ, चिकट रबरी पट्टीचा) अखंड फेरा द्या, दोन टोकं एकमेकांवर चढवून, आणि हा जोड खालच्या बाजूला घ्या. नट आळीपाळीने आवळा: हाताने घट्ट, मग पान्ह्याने पाव फेरा, बस. जोर लावला तर प्लास्टिकमधला बोल्ट उपटतो किंवा हाउसिंगला तडा जातो, आणि डिकीची गळती दिव्यात येते.

## मग सगळीकडेच सिलिकॉन फासलं तर?

व्हेंटसकट सगळं बुजवलं तर दिवा काही आठवडे कोरडा राहतो. पण रोजच्या तापण्या-गार होण्याचा दाब सगळ्यात कमकुवत जागेवर येत राहतो, एक नवी भेग उघडते आणि आत आलेलं पाणी आता बाहेर जाऊच शकत नाही. बंद व्हेंटचा दिवा गळक्या दिव्यापेक्षा लवकर मरतो.

तळाला ३ मिलिमीटरचं भोक पाडण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. पाणी निघून जातं हे खरं. पण धूळ, मुंग्या आणि मागच्या चाकाने उडवलेला चिखल त्याच भोकातून आत येतो आणि आतला चकचकीत रिफ्लेक्टर हळूहळू काळवंडतो. नवा दिवा मिळत नाही अशा जुन्या, बल्बवाल्या गाडीला हा शेवटचा उपाय म्हणून चालेल. एलईडी दिव्याला नाही, कारण आतला सर्किट बोर्ड अनेकदा तळालाच असतो.

यूट्यूबवर ओव्हनमध्ये तापवून दिवा उघडतात, तो बहुधा हेडलाइट असतो. अनेक हेडलाइटची लेन्स पॉलिकार्बोनेटची आणि तापवल्यावर मऊ होणाऱ्या ब्यूटाइल सीलंटने चिकटवलेली असते. टेललाइटचं ॲक्रिलिक मात्र १०० अंशांच्या आसपासच मऊ पडतं, आणि एकजीव केलेला सांधा तोवर सुटत नाही. सांधा उघडण्याआधी लेन्स वाकडी होते.

सिलिका जेलच्या पुड्या? १० ग्रॅमची पुडी दमट हवेत साधारण ३ ग्रॅम पाणी शोषते आणि थांबते. दुरुस्तीनंतर उरलेली ओल टिपायला एक रात्र ठेवा, सकाळी काढून घ्या. आत विसरलेली पुडी गरम बल्बला चिकटते.

## वॉरंटीतली गाडी

इथे हात आवरा. दिवा उघडला, सिलिकॉन लावलं किंवा भोक पाडलं की दावा बहुधा फेटाळला जातो. त्याऐवजी फोटो काढा: सकाळी गाडी सुरू करण्याआधी, मग दिवे लावून तासभर चालवल्यावर, मग दुसऱ्या दिवशी. तळाचं पाणी हलताना दिसेल असा छोटा व्हिडिओ सगळ्यात उपयोगी. जॉब कार्डवर ‘वाफ दिसते’ असं न लिहिता ‘उजव्या टेललाइटच्या तळाशी पाणी साचलं आहे’ असं लिहून घ्या. पहिल्या वाक्यावर गाडी धुऊन परत मिळते. धुवायला दिलीच तर प्रेशर वॉशरची धार दिव्याच्या सांध्यापासून दीड-दोन फूट लांब ठेवायला सांगा.

नवा दिवा बसवून मिळाला तर गाडी बाहेर काढण्याआधी टेल, ब्रेक, दोन्ही इंडिकेटर आणि रिव्हर्स एकेक करून लावून बघा, ब्रेक दाबलेला असताना इंडिकेटरही द्या, आणि डिकीचा गालिचा उचलून जुन्या गळतीचं पाणी अजून खाली राहिलं आहे का तेही तिथेच तपासा.